बाबुसोच्या कागदावर कोणाचं नाव लावू, वयनी?

वयनी, हे तुला आत्ताच सांगायला पाहिजे. म्हणजे आत्ताच. पंचायतीतून घरी आले, पायसुद्धा धुतले नाहीत, फोन घेऊन सोप्यावर बसलेय आणि अंगठे चालतील तसं लिहितेय. उद्या लिहीन म्हटलं तर उद्या मी शहाणी होईन, शब्द निवडत बसेन, 'भावपूर्ण आदरांजली' वगैरे लिहीन. आणि ते तू वाचलंस तर म्हणशील, "ह्यां कोणाविषयी लिवलंस गो?" तुझा तो बॅनर तिठ्यावर लावलाय ना, त्यावर तुझं नाव आडनावासकट छापलंय. गॅसच्या गाडीवाल्याने काल गाडी थांबवून मला विचारलं, "ही कोण गेली?" फोटो तुझाच, पण डोक्यावर पदर आणि तोंड मिटलेलं. तोंड मिटलेली वयनी त्याने कधी बघितलीच नव्हती. मी म्हटलं, "वयनी रे, आमची." तर तो गाडीतून खाली उतरला.

बाकी जे वाचतील त्यांच्यासाठी एवढंच सांगते. वयनी आमच्या वाड्याची, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीची पंच, पंचायतीवर निवडून आलेली मेंबर. गाव गोव्यातल्या पेडण्यातलं. माझी आई तिला वयनी म्हणायची म्हणून मी वयनी म्हणायला लागले, माझं ऐकून शेजारची पोरं. मी पंचायतीत कंत्राटावर कॉम्प्युटरला बसते. झालं. आता मी फक्त तुझ्याशी बोलणार.

आज बाबुसोची चौकशी झाली. जिच्यासाठी तू साडी इस्त्री करून ठेवली होतीस ती. मामलेदार ऑफिसच्या बाई आल्या, उल्हास आला, सगळा वाडा आला. बाबुसो स्वतःच्या घरात राहणार की उल्हास त्याला वास्कोला नेणार, एवढाच प्रश्न होता. आणि तू नव्हतीस. पण थांब, एकदम शेवट सांगत नाही. तूच म्हणायचीस, मी गोष्ट उलट्या बाजूने सुरू करते आणि समोरच्याचं डोकं फिरवते.

पहिल्यापासून सांगते. बाबुसोची आई गेली तो दिवस मला आठवतो. बाबुसो, पन्नाशीला आलेला, अंगाने हा एवढा दांडगा, आणि समज दहा-बारा वर्षांच्या पोराएवढी. तो दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "आवय न्हिदली," म्हणजे आई झोपली. लोक रडत होते आणि हळूच एकमेकांना विचारत होते, आता ह्याचं काय. आश्रमात ठेवतात म्हणे, असं कोणीतरी बोललं. तू अंगणाच्या मधोमध उभी राहिलीस आणि वार वाटलेस. सोमवारी कमलमावशीकडून जेवण, मंगळवारी आमच्याकडून, बुधवारी अमक्याकडून. कोणाला विचारलं नाहीस. "तुझो शुक्रवार" म्हणून बोट दाखवलंस आणि पुढे गेलीस. एकजण म्हणाला, "वयनी, शुक्रवारी आमगेर नुस्तें नसता," म्हणजे मासे नसतात. तू म्हटलंस, "मगे तुका खाता काय तो? भाजी घाल."

आणि ते चाललं की! कधी कुणाकडे लग्न, कुणाकडे आजारपण, तर तू वार बदलून द्यायचीस, पण बाबुसो उपाशी राहिला नाही. तो सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, तुझे पाव घ्यायचा, तुझ्या दारात पोचवायचा, तुझ्याकडे चहा प्यायचा, देवळाचं अंगण झाडायचा, दुपारी ज्याचा वार त्याची वाट बघत स्वतःच्या सोप्यावर बसायचा. वयनी, मला हे बघून बघून इतकी सवय झाली होती की यात काही वेगळं आहे असं वाटायचंच नाही. सगळीकडे असंच असतं असं वाटायचं.

मग ती गणपतीची चवथ. आठवते ना? आत्ता लिहितानाही हसू येतंय. चवथीला कोणाचा वार ते तू सांगितलं होतंस. पण सणाला दुसऱ्यावर कोण विसंबणार! कमलमावशीला वाटलं, जिचा वार तिच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, त्यात नारळ नुसता दाखवल्यासारखा, बाबुसोला आपणच देऊया. आईला वाटलं, पातोळ्या कोणी देणार नाही. समोरच्यांनी मोदक, मागच्यांनी खीर. प्रत्येकीने गुपचूप दिलं, दुसरीला कळू नये म्हणून पदराखालून. आणि तूच त्याला शिकवलेलं, दिलेलं टाकायचं नाही. त्याने एकही ताट परत पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पोट धरून लोळत होता आणि आपण जीपमधून आरोग्य केंद्रात. सगळ्या बायका नव्या साड्यांमध्ये, कोणी मागे राहायला तयार नाही, कारण प्रत्येकीला खात्री की हे आपल्याच नेवरीने झालंय.

तो नवा डॉक्टर, चष्मेवाला. त्याने विचारलं, "पेशंटचे पालक कोण?"

सगळ्या एकदम, "आमी."

"असं नाही, एक नाव सांगा."

कमलमावशी म्हणाली, "लिवा, वाडो."

"अहो, वाड्याची सही कोण करणार?"

तू पुढे झालीस, "हाड हांगा," आण इकडे, म्हणून कागद ओढलास आणि सही ठोकलीस. डॉक्टरने विचारलं, नातं काय? तू म्हटलंस, "पंच." त्याने काय लिहिलं देव जाणे.

आपलं भांडण त्या जीपमधून परत येताना सुरू झालं, वयनी, आणि संपलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरचं बरोबर आहे, असं चालत नाही, कायद्याने त्याला पालक पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांकडे समिती असते, ती अशा मोठ्या माणसांना पालक नेमते, मी वाचलंय, अर्ज मी टाइप करते. सगळ्यांचं म्हणजे शेवटी कोणाचंच नाही. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं ऐकतच नाहीस. मग म्हणालीस, "एकाच्या नावार केलां काय बाकीची सगळी निजतली."

मी म्हटलं, हे काय लॉजिक!

तू म्हटलंस, "आज ह्या जीपयेत जागो ना. उद्या कोणाचां एकाचां नाव लाव आनी मगे बघ, जीपयेत तो एकटो."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही म्हणून मी चिडले. घरी जाऊन सुचलं, पण तू तोवर झोपली असशील म्हणून दुसऱ्या दिवशी पंचायतीत येऊन सांगितलं. तिथून रोज. तू दाखल्यावर सही करायला आलीस की मी एक मुद्दा टाकायचे, तू एक टाकायचीस. सेक्रेटरी कंटाळून म्हणायचे, बाबुसोचा विषय संपला असेल तर घरपट्टीचं बघूया.

दुसरं भांडण काजूचं. बाबुसोच्या घरामागचा डोंगर, त्यातली काजूची झाडं. आई होती तोवर ती गोळा करायची. ती गेल्यावर पहिल्या वर्षी कोण कोण पोती घेऊन चढलं आणि उतरलं ते सगळ्यांना माहीत आहे, मी नावं लिहीत नाही. पुढच्या वर्षी तू देवळाच्या काजूची जशी पावणी होते, मंडपात बसून सगळ्यांसमोर लिलाव, तशी बाबुसोच्या काजूची पावणी केलीस. त्याला आंघोळ घालून, पांढरा शर्ट घालून, मधल्या कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसवलंस. कदेल पण कोणाची, देवळाच्या महाजनांची! बोली लागली की तू त्याच्याकडे वळायचीस, "बाबुसो, दिवंया?" तो मान हलवायचा. आणि जो सगळ्यात वर गेला होता, त्याला बाबुसो म्हणाला, "ना." का रे? "हो सुण्याक मारता," म्हणजे कुत्र्याला मारतो. सगळा मंडप हसला. मला वाटलं तू त्याला समजावशील. तू म्हटलंस, "आयकलंव न्हय? धनी ना म्हणता. फुडलो कोण?"

त्या संध्याकाळी मी तुला म्हटलं होतं, वयनी, तुला याचा काही अधिकार नाही. पंच काही कुणाच्या जमिनीची व्यवस्था बघू शकत नाही. पंचायत घराला नंबर देते, दाखला देते, दिवे लावते. कोणी वकील घेऊन आला तर तुलाच अडकवेल. तू वाल सोलत बसली होतीस. म्हणालीस, "पंचाक अधिकार नसता गो, दीक्षा. पंचाक काम आसता."

हे मला कुठे लिहून ठेवायची गरजच पडली नाही, ते डोक्यातून जातच नाही. पण वयनी, मला अजून वाटतं की माझं पण बरोबर होतं.

कारण मग उल्हास आला. बाबुसोचा भाऊ, वास्कोला बंदरात नोकरी, तिकडेच फ्लॅट. मोपाला विमानतळ झाल्यापासून आमच्याकडे दर दुसरी गाडी जमीन आहे का विचारत फिरते, त्यामुळे उल्हासची गाडी वाड्यात वळली की तू मान ताठ करायचीस. आमच्याकडे जुना पोर्तुगीज कायदा अजून चालतो, वडिलांच्या घरात सगळ्या मुलांचा वाटा, विकायचं तर सगळ्यांची सही. म्हणजे बाबुसोचा अंगठा. आणि अंगठा म्हटलं की तुला शिरगाव आठवायचं, तुझं माहेर. तुझ्या आजोबांनी न वाचता कुठल्याशा कागदावर अंगठा दिला आणि शेत गेलं, ती गोष्ट तू मला कितीदा सांगितलीस. दर वेळी शेत थोडं मोठं व्हायचं.

तर उल्हासने सांगितलं, मी पालक म्हणून अर्ज करतोय. बाबुसोला वास्कोला नेतो. घराला कुलूप. तू त्याच्यावर अशी काही तुटून पडलीस! तुला वाटलं घर विकणार. तो बिचारा उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "वयनी, आज तू आसा. तू गेल्यार?"

तू हसलीस. "मी खंय जातंय?"

मला तो प्रश्न खरा वाटला होता, वयनी. उल्हास मला लबाड वाटला नाही. घाबरलेला वाटला. लांब राहून भावाची काळजी करणारा माणूस जसा घाबरतो तसा. हे मी तुला बोलले नाही, कारण तू माझ्यावर पण तुटून पडली असतीस, आणि त्यापेक्षा तुझी हरकत टाइप करणं सोपं होतं. काय तो दिवस! तू सांगतेस, "लिही. आमका पसंत ना." मी लिहिते, सदर व्यक्तीस अन्यत्र हलविण्यास ग्रामस्थांचा विरोध आहे. तू वाचतेस. "ह्यां मी खंय म्हटलां?" तेच आहे गं वयनी, सरकारी भाषेत. "मगे सरकारी भाशेत लिही काय त्याका वास्कोक रडूक येतलां." मी लिहिलं, सदर व्यक्तीस मानसिक त्रास संभवतो. तू त्या ओळीवर बोट ठेवलंस. "येवढांच?" म्हणालीस.

चौकशीची तारीख लागली. तू साडी काढून ठेवलीस. आणि तारखेच्या आधीच गेलीस.

सकाळी बाबुसो आमच्या दारात आला. हातात पाव, कागदात गुंडाळलेले, तुझे. म्हणाला, "वयनी उठना." आई ओट्यापाशी होती, ती तशीच पळाली. मी मागून. तुला जीपमध्ये घातलं, म्हापशाला नेलं, पण तू म्हापशापर्यंत आलीच नव्हतीस असं डॉक्टर म्हणाले.

आता हे ऐक. तुला घरी आणलं, तुझी मुलगी फोंड्याहून यायची होती, तोवर तुला ठेवलं होतं. वाड्यात मेलेलं माणूस असलं की उचलेपर्यंत कोणाकडेही चूल पेटत नाही, हे तर आहेच. सगळा वाडा तुझ्या अंगणात. दुपार गेली. तुला नेलं. पुरुष परत आले, आंघोळी झाल्या. आणि कमलमावशी एकदम कपाळावर हात मारून ओरडली, "अरे, बाबुसो!" कोणाचा वार होता? कोणालाच सांगता येईना. खरंच. आई म्हणते कमलचा, कमल म्हणते मागच्यांचा. वयनी, वार तुझ्याकडे होते! सगळे वार तुझ्याच तोंडात होते. आम्हाला फक्त तुझी हाक माहीत होती, "आज तुमचां हां." आम्ही पळत त्याच्या घरी गेलो. तो सोप्यावर बसला होता. तुझे पाव त्याने खाल्ले होते. कागद घडी करून बाजूला ठेवला होता.

मी जिंकले, वयनी. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही, हे सिद्ध झालं, तेही तू गेल्या दिवशीच. इतकं वाईट जिंकणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि त्याच वेळी मला कळलं की तुझा वार कोणी लावलाच नव्हता. तू एकटी, मुलगी लांब, छातीत दुखतं म्हणून आईला एकदा बोलली होतीस आणि मग म्हणालीस गॅस आहे. सगळ्या वाड्याच्या दारात डोकावणारी तू, तुझ्या दारात कोण डोकावत होतं? एक बाबुसो. आम्ही समजत होतो आम्ही त्याला सांभाळतोय.

तर आज. पंचायतीच्या हॉलमध्ये चौकशी. मामलेदार ऑफिसच्या बाई, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील, शांत, सगळं विचारून विचारून घेत होत्या. त्या फक्त अहवाल देणार, नेमणूक समिती करणार, हे त्यांनी आधीच सांगितलं. उल्हास नव्या शर्टात, बूट चकचकीत. बाबुसोला आईने तुझा तो पांढरा शर्ट घातला होता, पावणीवाला. तो जनेलाजवळ, खिडकीशी बसला आणि बाहेर बघत राहिला.

उल्हासने नीट सांगितलं. डॉक्टर जवळ आहे, बायको घरी असते, टीव्ही आहे, वेगळी खोली आहे. मग त्याने तेच विचारलं, पण आता सगळ्यांना. "वयनी होती. आता वयनी ना. आता सांगा, कोण बघतलो?" वयनी, तुझी माणसं, जीपमध्ये जागा नसायची इतकी, आणि आज सगळे जमिनीकडे बघत होते. त्या दिवशीची दुपार सगळ्यांना आठवत असणार. मी बोलायला उभी राहिले. तुझी हरकत वाचली. सदर व्यक्तीस मानसिक त्रास संभवतो, तिथपर्यंत आले आणि मला तुझं "येवढांच?" ऐकू आलं आणि पुढचं वाचता येईना. मी बसले.

बाईंनी मग बाबुसोला विचारलं. छान विचारलं, जवळ जाऊन. "बाबुसो, तुला कुठे राहायला आवडेल? इथे, की भावाकडे?"

तो बाहेर बघत होता. त्यांनी परत विचारलं. उल्हास म्हणाला, "त्याका कळना ता." तेवढ्यात बाबुसो उठला. सरळ दाराकडे निघाला. सरपंच म्हणाले, "बस रे, बाई विचारतात न्हय?"

"कोंबयो धांपूक जाय," बाबुसो म्हणाला. म्हणजे कोंबड्या बंद करायच्यात, ऊन उतरलं.

बाईंनी विचारलं, "कोणाच्या कोंबड्या?"

"वयनीच्यो."

बाईंना तू गेल्याचं माहीत होतं. हळूच म्हणाल्या, "पण वयनी तर..."

"वयनी मेली," बाबुसो म्हणाला. "कोंबयो आसत."

आणि गेला.

वयनी, कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तुझी मुलगी दिवसकार्यासाठी इथेच आहे, ती दार लावून आत बसलेली असते, तिला कुठलं सुचायला! आम्ही तुझ्यासाठी बॅनर लावला, शोकसभा ठरवली, मी तुझ्यावर लिहायचं ठरवलं, आणि तुझ्या कोंबड्या रोज संध्याकाळी तो आत घालत होता, सकाळी सोडत होता. कोणी वार लावला नव्हता.

बाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "चला, जागेवर जाऊन बघू." सगळी चौकशी तुझ्या अंगणात आली! बाबुसो एकेकीला नावाने हाक मारून आत घालतोय, आणि ती तांबडी, ती पेरूवर चढून बसलेली, खाली यायला तयार नाही. उल्हास बूट घालून तिच्या मागे. कमलमावशी ओरडते, "अरे, ती क्रेनीन उतरना, तिका हातान धर!" उल्हास घसरला, शर्टाला चिखल. बाबुसो हसायला लागला, कसा हसतो तुला माहीत आहे, सगळं अंग हलतं. मग उल्हास तुझ्या पायरीवर बसला. हसत होता, आणि मग हसत नव्हता. म्हणाला, "तिसऱ्या माळ्यार कोंबयो खंय दवरतलो हो?" म्हणजे तिसऱ्या मजल्यावर हा कोंबड्या कुठे ठेवणार.

मग तो स्वतःच म्हणाला, "पालक मी जातंय. पण रवांदी हांगाच." पालक मी होतो, पण तो इथेच राहू दे. मग कमलमावशीकडे बघून, "पाळी चालू रवतली मगो?"

कमलमावशी काय सोडणार! "आमी रांदतलीं. तू पाळयेंत येतलो काय फकत सही करतलो?"

"आयतार माका दी," उल्हास म्हणाला.

बाईंनी त्याला सांगितलं, पालक झालात तरी घर त्याचंच राहतं, मालमत्तेची यादी द्यावी लागेल, दर वर्षी हिशोब द्यावा लागेल, आणि पंचायतीने मधून मधून बघून कळवावं असं मी अहवालात लिहीन. समिती काय करेल ते मी सांगू शकत नाही. उल्हासने मान डोलावली. तो घर विकणार नाही ना? मला माहीत नाही, वयनी. तुझी शंका खरी की माझा विश्वास खरा, हे आत्ता नाही कळणार. रविवारी गाडी येते का ते बघू.

म्हणजे कागदावर एक नाव लागणार, माझं म्हणणं झालं. आणि बाकीचे निजले नाहीत, आज तरी नाही, म्हणजे तुझंही झालं. पण मग जाताना कमलमावशीने विचारलं, "आनी उद्या कोणाचो वार, तां कोण सांगतलां?"

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी वयनी नाही गं. मी कंत्राटावर आहे. फोंड्याला परमनंट निघालंय, अर्ज भरलाय, तो पण तूच भरायला लावला होतास, "पोरगी हांगाच कुसपाक नाका", इथेच कुजायला नको म्हणून. मला कोणाला बोट दाखवून "तुझो शुक्रवार" म्हणता येत नाही. मी म्हटलं, तुझे दिवस होईपर्यंत मी सांगेन. उद्या मंगळवार, आमचाच वार आहे, तेवढं तरी सोपं आहे. त्यानंतर काय, ते मी म्हटलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. सगळे घरी गेले, अगदी निवांत. ते निवांत जाणंच मला आवडलं नाही, वयनी. तू ज्याला भीत होतीस ते हेच ना? मी "सांगेन" म्हटलं आणि बाकीच्यांचे डोळे मिटायला लागले, मला समोर दिसलं. तुझ्या बाबतीतही असंच झालं होतं का गं? तुला दिसत होतं का, की तू हाक मारतेस म्हणून बाकीचे आठवत नाहीत? तुझ्याशी एवढी भांडले, पण हे एक विचारायचं राहिलं.

हे वाचणाऱ्यांनो, आता तुम्हाला विचारते. तुमच्या वाड्यावर, तुमच्या गावात असं झालंय का? एक माणूस गेलं, आणि तेव्हा कळलं की "आमी सगळी" म्हणजे तेवढं एकच माणूस होतं? झालं असेल तर सांगा, त्यानंतर दुसऱ्या दिवशी हाक कोणी मारली?